फराळाच्या पंगतीची जबाबदार व्यक्ती

माघ वद्य त्रयोदशी : जत्रेतील खाद्यपदार्थांच्या तात्पुरत्या स्टॉलांना आणि फराळाच्या पंगतीला परवानगी मिळाली. जबाबदार : जागेवर पाऊल न ठेवता सही करणारे अधिकारी.

चतुर्दशी, म्हणजे महाशिवरात्र, पहाटे : भगर शिजवून कढयांमध्ये झाकून ठेवली गेली. जबाबदार : स्वयंपाकाचा ठेकेदार.

त्याच दिवशी, दुपार टळल्यावर : तीच भगर भाविकांना वाढली गेली. जबाबदार : जत्रा समितीचे अध्यक्ष.

अमावास्या : वर्तमानपत्रांत बातमी आली. तिच्यात दोषी म्हणून एकच नाव होते, आणि ते वरच्या तिघांपैकी कोणाचेही नव्हते.

ते नाव मी येथे लिहिणार नाही. ते पुरेसे छापून झाले आहे. ज्यांच्या नावाची अशी धूळधाण झाली, ते गृहस्थ कसे होते एवढेच मला नोंदवायचे आहे.

जिंतूर तालुक्यातल्या त्या जत्रेत वाचकांपैकी कोणी गेले असेल, तर त्यांना ते आठवतील. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. गाड्यासमोर उभे राहिले की ते आधी पदार्थ पाहत नसत, विकणाऱ्याचे तोंडही पाहत नसत. स्वतःचा तळवा पुढे पसरून म्हणत, "हात दाखव बरं." भजेवाला निमूटपणे पिठाचे हात त्यांच्या तळव्यावर ठेवी. ते हात उलटसुलट करत, नखे पाहत, आणि पिशवीतून साबण काढून देत.

चुडाव्याच्या स्टेशनवर तिकीटखिडकीमागे त्यांची नोकरी झाली होती. "खिडकीतून तोंड कुठं दिसतंय, वकीलसाहेब? हातच दिसतो. त्याच्यावरूनच माणूस वळखायचा." मी वकील नाही, दिवाणी न्यायालयातला निवृत्त कारकून आहे, हे मी त्यांना वारंवार सांगितले. "असू द्या," ते म्हणत, "आपल्या गल्लीचे तुमीच वकील."

परभणीत आमची घरे समोरासमोर होती. त्यांच्या पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी वारल्या. मुलगा पुण्याला. रविवारी त्याचा फोन आला की ते ओट्यावर येऊन मोठ्या आवाजात बोलत. मुलाला कमी ऐकू येत होते असे नव्हे. फोन आला आहे हे गल्लीला कळावे, एवढाच हेतू असावा. बाकीचे सहा दिवस त्या ओट्यावर आवाज नसे. सायंकाळी मी पलीकडे जाऊन बसे. चहा ते करत आणि साखर नेहमी जास्त घालत.

अशा एका सायंकाळी जत्रा समितीचे अध्यक्ष त्यांच्याकडे आले. वयाने आमच्या निम्मे, पांढरे कडक कपडे, हातात दोन मोबाइल.

"काका, एक काम होतं. स्टॉलच्या फलकावर जबाबदार व्यक्ती म्हणून नाव टाकावं लागतंय. तुमचं टाकू का? फकस्त नाव."

मी मध्ये पडलो. म्हणालो, "अन्न शिजवणारा ज्याचा हुकूम ऐकतो, तो जबाबदार. यांचा हुकूम तुमचा एक तरी आचारी ऐकणार आहे का? तुमच्या समितीत इतकी माणसे आहेत. त्यांच्यापैकी एकाचे नाव का नाही?"

"नाना, तुम्ही चहातबी कोर्ट आणायलात," अध्यक्ष हसले.

"टाका," आमचे गृहस्थ म्हणाले. "मी हाय ना."

अध्यक्ष गेल्यावर मी त्यांना कायद्यातली जोखीम समजावून सांगितली. काही घडले तर तुमच्यावर ढकलून हे मोकळे होतील, असे स्पष्ट शब्दांत बजावले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि कपबश्या विसळायला उचलल्या.

"तुमचं खरं हाय, वकीलसाहेब. पण सालभर मला कोण हाक मारतंय? जत्रंत धा जागी नाव दिसंल. ऱ्हाऊ द्या."

मी विसळलेल्या कपबश्या पुसू लागलो.

अध्यक्षांना केवळ नाव हवे होते. यांनी मात्र ते काम अंगावर घेतले. नियमांचे मराठी पुस्तक मला मोठ्याने वाचायला लावले. अन्न झाकलेले असावे. पिण्याचे पाणी तोटीच्या पिंपात असावे. गरम पदार्थ गरमच राहावा, शिजवून फार वेळ ठेवू नये. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नये. या शेवटच्या नियमापाशी त्यांनी मला थांबवले. "म्हंजे पेपरात भजे न्हाईत?" "नाहीत." "मग जत्राच बंद करा की!" आणि खूप हसले.

तरीही जत्रेत त्यांनी तो नियम धरला. भजेवाला कळवळून म्हणाला, "काका, मग काय गिऱ्हाइकाच्या टोपीत देऊ?" यांनी पिशवीतून पळसाच्या पानांचे द्रोण काढून त्याच्यापुढे ठेवले, पदरच्या पेन्शनीतून आणलेले. भजेवाल्याच्या हातातला तेलकट कागद काढून घेताना त्यांचे लक्ष त्यावरच्या मजकुराकडे गेले. संपादकांस लिहिलेले माझेच एक पत्र होते, नाल्यांविषयीचे. त्यांनी ते उजेडाला धरले आणि गंभीरपणे म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचं पत्र या खेपेला लय खमंग झालंय."

पुढल्या जत्रांना ते दिसले की स्टॉलवाले एकमेकांना ओरडून सांगत, "हात धुवा रे, जबाबदार व्यक्ती आली!" ती थट्टा होती. त्यांना ती थट्टा वाटत नसे. सदऱ्याची वरची गुंडी लावून ते पुढे होत.

आता त्या चतुर्दशीविषयी.

मी त्यांच्यासोबत होतो. ऊन तापले होते. ताडपत्रीच्या मांडवात भगरीच्या कढया झाकून ठेवलेल्या होत्या. उपवासाच्या दिवशी आपल्याकडे भगर आणि शेंगदाण्याची आमटी ठरलेलीच. आणि पहाटे शिजवून दुपारपर्यंत झाकून ठेवलेली भगर बाधते, हेही मराठवाड्यात कोणाला नव्याने सांगायला नको. त्यांनी एक झाकण उचलले, वास घेतला, झाकण परत ठेवले.

"ही वाढू नका. पहाटची हाय. आंबट वास यायलाय."

"काका, उपासाचं हाय. देवाच्या दारात काय होतंय?" ठेकेदार म्हणाला.

अध्यक्ष आले. "परसाद फेकून द्यायचा का? लोक शेण घालतेल तोंडात."

"फेका. नवी टाका. भगरीला कितीसा वेळ लागतोय? लोकाला मी सांगतो. मी हाय ना." आणि एक बादली पालथी घालून ते कढयांसमोर बसले. दोघे जण समजवायला आले, एकाने आवाज चढवला. ते उठले नाहीत.

मांडवात मोबाइल लागत नव्हता. संबंधित अधिकाऱ्यांना कळवावे म्हणून मी रस्त्यापर्यंत चालत गेलो. पलीकडून फोन कोणी उचलला नाही. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून त्यांचे नाव ऐकू आले, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. आपल्या जत्रेचे आधारस्तंभ जेथे असतील तेथून त्यांनी तातडीने व्यासपीठावर यावे, त्यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार होत आहे.

मी परतत असताना ते मला गर्दीत भेटले. व्यासपीठाकडे निघाले होते, गुंडी लावत.

"ऐकलं का?" ते म्हणाले. "बापाचं नावबी घेतलं."

मी मांडवात पोहोचलो तेव्हा पंगत बसली होती आणि भगर पानांवर पडत होती. मी ओरडलो. माझ्या ओरडण्यावर सत्काराच्या टाळ्या पडल्या.

संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. ग्रामीण रुग्णालय भरले, काहींना परभणीला हलवावे लागले. सुदैवाने सगळे बरे होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी समितीचा खुलासा छापून आला : वाढपाच्या वेळी जबाबदार व्यक्ती आपल्या जागेवर हजर नव्हती. पुरावा म्हणून छायाचित्र होते. व्यासपीठावर, अंगावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर न मावणारे हसू.

त्यानंतर त्यांच्या ओट्यासमोरून जाणारी माणसे मान वळवू लागली. चौकात कोणी तरी म्हणाले, "काकाचा च्या पिऊ नका, दवाखान्यात जाताल." ते त्यांनी ऐकले. त्या दिवसापासून मी गेलो तरी ते चहा टाकत नसत. मुलाचा फोन ते आत जाऊन, दार लावून घेत.

मी लिहितो, असे मी म्हणालो.

"नका लिहू. चूक माझीच हाय. उठायला न्हाई पायजे होतं." मग म्हणाले, "पर सत्कार मनापासून केला बगा त्यांनी. नोकरीतून निघताना झाला न्हाई माझा. सत्कार आन् पंगत एका टायमाला आली, माझं नशीब."

त्याआधीच त्या पंगतीचा एक आचारी मला परभणीच्या बाजारात भेटला होता. कढयांपाशी उभे राहून अध्यक्ष काय म्हणाले, ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते : "काकाला वर बोलवा. त्याशिवाय हे झाकण निघत न्हाई." हा पुरावा माझ्याजवळ होता आणि समोर ते बसले होते, शालीची घडी मांडीवर घेऊन. मी बोललो नाही. लिहिलेही नाही. त्यांच्यापाशी त्या दिवसातले तेवढेच शिल्लक होते, आणि ते काढून घेण्याचा अधिकार मला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर ते गेले, झोपेतच. मुलगा आला, विधी उरकले, घराला कुलूप लागले. समितीतून कोणी फिरकले नाही. सायंकाळी मी सवयीने बाहेर येतो आणि समोरच्या कुलपाकडे पाहून परत आत जातो.

आता मला थांबवणारे कोणी उरलेले नाही. यंदाच्या फलकासाठी समिती पुन्हा नाव शोधत आहे, असे ऐकतो. आणि पलीकडच्या आळीत एकटे राहणाऱ्या एका वृद्ध मास्तरांकडे अध्यक्ष जाऊन आले, असेही ऐकतो. म्हणून अध्यक्षमहोदय, विचारतो : कढयांसमोर बसलेल्या माणसाला त्या क्षणी व्यासपीठावर बोलावण्याचा हुकूम कोणी दिला, आणि कशासाठी? उत्तर मला पत्राने पाठवू नये. मी ते स्वीकारणार नाही. जत्रेच्या दिवशी, पंगत बसण्यापूर्वी, सर्व लोकांसमक्ष, त्याच ध्वनिक्षेपकावरून ते आपण द्यावे. मी पहिल्या रांगेत बसलेला असेन.