दारोदारची ग्रामसभा

मोगरवाडीत नंबर नसलेलं घर एकच होतं, आणि ते नंबर टाकणाऱ्याचंच होतं.

बहिरू ग्रामपंचायतीचा शिपाई. ओझरच्या रस्त्यावरून आत वळलं की सव्वादोनशे उंबऱ्यांचं हे गाव लागतं. निम्मं गाव फुलं आणि भाजीपाला पिकवणारं, निम्मं कारखान्यात ड्युटीला जाणारं. ऑफिस उघडायचं, झाडायचं, टाकीचा कॉक सोडायचा, नोटिसा डकवायच्या, थाळी वाजवत दवंडी द्यायची, ही सगळी कामं बहिरूची. सरपंच पाच वर्षांनी बदलायचे, ग्रामसेवक तीन वर्षांनी, बहिरू मात्र तिथंच. लोक चेष्टेनं म्हणायचे, पंचायत म्हणजे काय, एक कपाट आणि एक बहिरू.

दर चार वर्षांनी घरांची फेरआकारणी व्हायची. तेव्हा ग्रामसेवक वही घेऊन पुढं आणि बहिरू काळ्या रंगाचा डबा नि ब्रश घेऊन मागं. मारुतीच्या देवळापासून सुरुवात करायची आणि एकेका चौकटीवर नंबर टाकत ओढ्यापर्यंत जायचं. बहिरूचं घर ओढ्याच्या पलीकडं, गायरानाला लागून, सगळ्यात शेवटी. एका जुन्या सरपंचानं “घाल इथंच छप्पर” असं तोंडानं सांगितलं होतं, आणि त्या शब्दावर बहिरू आणि त्याची बायको विठाबाई यांनी ओढ्याची माती वाहून भिंती उभ्या केल्या होत्या. नंबर टाकत टाकत ओढ्याशी पोचेपर्यंत दिवस कलायचा, रंग तळाला जायचा आणि ग्रामसेवकाची नाशिकची बस यायची. ग्रामसेवक म्हणायचा, तुझं घर कुठं पळून चाललंय, उद्या टाकू. बहिरू हसून मान डोलवायचा. १९९२ साली असंच झालं, शहाण्णव साली असंच झालं. २००० साली तर ग्रामसेवकानं हिंडायचेही कष्ट घेतले नाहीत, जुनी वही समोर ठेवून नवी उतरवून काढली. जुन्यात नाही ते नव्यात कुठून येणार?

विठाबाईला याचा फार राग होता. “साऱ्या गावाच्या दारावर आकडे काढता,” ती म्हणायची, “आपल्याच दाराला काय विटाळ हाय?” बहिरूचं उत्तर ठरलेलं होतं: आधी गावाचं होऊ दे. गावाचं काही कधी होत नाही आणि आपलं राहून जातं, हे विठाबाईला कळत होतं. बहिरूला कळायला फार उशीर लागला. तोवर २००१ सालचा हिवाळा आला आणि साध्या तापाचं निमित्त होऊन विठाबाई गेली. मुलगी दीपमाला घोटीच्या पुढं एका लहान गावात दिलेली. घरात बहिरू एकटा राहिला. तो संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावायचा आणि पुन्हा उघडून आतली खुर्ची सरळ करून यायचा. घरी जायला उशीर व्हावा, एवढंच त्या खुर्चीचं काम.

आता ग्रामसभेचं सांगायला हवं, कारण बहिरूचं घर तिच्यापायीच गेलं.

ग्रामसभेला निदान शंभर मतदार हजर लागतात, त्याला कोरम म्हणायचं. मोगरवाडीत शंभर माणसं एका जागी लग्नात जमायची, नाहीतर मयतीला. फुलं तोडायची वेळ सकाळची, ड्युटीची वेळ सकाळची आणि सभेची वेळही सकाळची. यावर उपाय बहिरूनंच काढला होता, वीसेक वर्षांपूर्वी, कुठल्याशा ग्रामसेवकाची अडचण बघून. सभेच्या दिवशी सतरंजी अंथरायची, पाच-सात माणसं बसवायची आणि मग हजेरीची वही घेऊन बहिरूनं दारोदार फिरायचं. कुणी पीठ मळता मळता हात पुसून सही करायचं, कुणी कुंपणावरून अंगठा द्यायचं. दुपारपर्यंत कोरम भरायचा. रस्ता मंजूर व्हायचा, गटार मंजूर व्हायची, सगळ्यांचं बरं चाललेलं. ग्रामसभा आपल्या दारी येते, आपण तिच्याकडं जायचं नसतं, हे गावानं अंगवळणी पाडून घेतलं. एक पिढी तर तशीच वाढली.

२००३ साली तालुक्याहून कागद आला. गायरानात, ओढ्याकाठी जी घरं वहीत नोंदलेली नाहीत त्यांची यादी करा. ती जुनी आहेत असा ठराव ग्रामसभेनं दिला तर नोंद होईल, नंबर मिळेल. नाहीतर ओढ्यावरून जाणाऱ्या नव्या रस्त्यासाठी ती काढावी लागतील. मोगरवाडीच्या यादीत एकच नाव आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्याच वर्षी नव्या ग्रामसेविका आल्या होत्या, मनीषा मॅडम. वयानं लहान, पण नेमाच्या पक्क्या. आधीच्या गावी अशाच घरोघरच्या सह्यांवरून त्यांची चौकशी झाली होती, आणि त्या चौकशीतून त्या जेमतेम सुटल्या होत्या. त्यांनी पहिल्या दिवशीच हजेरीची वही कपाटात घातली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. सही करायची तर सभेला यावं, सतरंजीवर बसून करावी. बहिरूचा विषय आला तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, तुमचं काम आहे म्हणून तर ते जास्त चोख झालं पाहिजे. उद्या कुणी बोट दाखवलं तर नोंदही जाईल आणि तुमची नोकरीही.”

बहिरूला ते पटलं. नियम त्याला कधीच जाचले नव्हते. सभेची तारीख ठरली. सभेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ठराव आणि यादी तालुक्याला पोचवायची होती, तीच शेवटची मुदत.

त्यानं थाळी घेतली आणि दवंडी दिली. वीस वर्षं जे शब्द होते तेच शब्द: ग्रामसभा आहे हो, सर्वांनी हजर राहावं हो. आपल्या घराचा विषय त्यानं त्यात घातला नाही. दवंडी गावाची असते, तीत आपलं घर कसं घालायचं? आणि वही फिरणार नाही, हेही तो बोलला नाही. ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. जे काम त्याच्या हातून बंद झालं होतं ते लोकांच्या डोक्यातूनही गेलं असेल, असं तो धरून चालला. पण विषय गावात सगळ्यांना ठाऊक होताच. ओढ्याअलीकडच्या वस्तीवरची मालनबाई, जिच्या मोगऱ्याच्या गजऱ्यांना पंचवटीत गिऱ्हाईक होतं, तिनं त्याला रस्त्यात थांबवून सांगितलं, “भाऊ, तुझ्यासाठी सही नाय करायची तर कुणासाठी करायची?” कारखान्यातला समाधान म्हणाला, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकलीय, माझी सही पहिली. दहा जणांनी हेच सांगितलं, वीस जणांनी सांगितलं. बहिरूचं मन भरून आलं. विठाबाई गेल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली. एवढी माणसं सही करू म्हणाली, येऊ असं एकही म्हणालं नाही, हे मात्र त्याच्या कानाला लागलं नाही.

सभेच्या दिवशी त्यानं तीन सतरंज्या अंथरल्या. शेजारच्या गावातून एक मागून आणली होती. ठरल्या वेळेला सतरंजीवर अकरा माणसं होती. पाऊण तासानं तेवीस. सरपंच भिमाजी घड्याळ बघत होते. मॅडम हजेरीच्या वहीवर पेन ठेवून दाराकडं बघत होत्या. बहिरूनं विचारलं, बोलावून आणू का? मॅडम म्हणाल्या, लवकर जा काका, मी थांबते.

तो मालनबाईकडं पळत गेला. मालनबाई धुवट पातळ नेसून ओट्यावर बसली होती. त्या दिवशी तिनं पंचवटीची फेरीसुद्धा बुडवली होती.

“सकाळधरनं वाट बघत हाय तुझी,” ती म्हणाली. “वही कुठंय?”

बहिरूनं रस्त्यावर पुढं नजर टाकली. मग त्याला पुढची सगळी घरं दिसायला लागली. समाधान दारात खुर्ची टाकून बसला होता, खिशाला पेन लावून. त्याच्यापुढच्या ओट्यावर म्हाताऱ्या झुंबरबाईनं अंगठ्यासाठी शाईचा पॅडही काढून ठेवला होता. अख्खं गाव आपापल्या उंबऱ्यात, त्याच्यासाठी, कामधाम सोडून बसलं होतं. इतकी माया त्याच्यावर कुणी कधी केली नव्हती, आणि ती त्याच्या काही उपयोगाची नव्हती.

“वही नाय आज,” तो म्हणाला. “तुमालाच यावं लागंल. पळा.”

तो दार न् दार फिरला. पण गाव ते गाव. कुणाला चपला सापडेनात, कुणी दाराला कुलूप शोधत होतं, कुणी म्हणालं तू हो पुढं, आलोच. इकडं मॅडमनी दीड तास जास्तीचा दिला. शेवटी त्या स्वतः ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि रस्त्यानं येताना दिसली ती माणसंही त्यांनी धरली. अडुसष्ट झाली. सरपंच म्हणाले, बत्तीस सह्या मागनं घेऊ की, आपलाच माणूस आहे. मॅडमनी बहिरूकडं पाहिलं. तो हो म्हणाला असता तर त्या दिवशी त्यांनी कदाचित वही दिलीही असती. बहिरूनं मान हलवली. एका पोरीची नोकरी घालवून मिळालेला नंबर विठाबाईच्या दाराला त्याला नको होता.

सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून आठ दिवसांनी चौदा माणसांत ठराव बिनविरोध पास झाला. मॅडमनी तो स्वतः तालुक्याला नेऊन दिला. महिन्यानं उत्तर आलं, मुदतीनंतरचा ठराव विचारात घेता येत नाही.

घर खाली करायची नोटीस आली तेव्हा ती डकवायला दुसरा माणूस नव्हता. मॅडम म्हणाल्या, मी जाते. बहिरूनं त्यांना जाऊ दिलं नाही. त्यानं खळ शिजवली, कागदाला चारी बाजूंनी लावली आणि आपल्या दारावर, बरोबर जिथं नंबर यायला हवा होता तिथं, नोटीस सुरकुती न पडू देता चिकटवली. नोटिशीत घर नंबरापुढं रेघ मारलेली होती. ती बघून तो उंबऱ्यावर बसून रडला. गावानं त्याला रडताना पाहिलं नाही, कारण ओढ्यापलीकडं दुसरं घरच नव्हतं.

घर पाडलं त्या दिवशी सामान उचलायला मात्र शंभरावर माणसं आली होती. ती कुणी मोजली नाहीत. समाधाननं एक खोली देऊ केली, मालनबाईनं पडवी. बहिरू ऑफिसच्या मागच्या खोलीत राहिला, रिटायर होईपर्यंत दोन वर्षं. दाराची चौकट तेवढी त्यानं जपून ठेवली होती. ती वाळवीनं खाल्ली तेव्हा जळणात गेली.

पुढं दीपमालानं त्याला आपल्याकडं नेलं. भातखाचरांतलं गाव, ओळखीचं कुणी नाही. जावई भातगिरणीत, नातवंडं शाळेत. म्हातारा दिवसभर ओट्यावर बसून असायचा. एक दिवस तिथल्या पंचायतीचा शिपाई काखेत वही मारून दारात आला. दीपमाला भाकरी थापत होती. हात धुवायला उठली तसं बहिरूनं तिला अडवलं.

“इथं सही करू नको,” तो म्हणाला. “सभा कुठं हाय?”

शिपाई हसला. शाळेत हाय म्हणाला, पण तिथं कुणी नसतं. दीपमालाच्या हाताला पीठ होतं, गिरणीवर डबा पोचवायचा होता. ती म्हणाली, बाबा, तुमचं आपलं काहीतरीच, आणि तिनं सही करून टाकली.

बहिरूनं टोपी घातली आणि विचारत विचारत शाळेत गेला. सतरंजी अंथरलेली होती, तिच्यावर एकही माणूस नव्हता. टेबलापाशी ग्रामसेवक एकटाच कागद लिहीत बसला होता. त्यानं नाव विचारलं, मतदारयादी चाळली आणि म्हणाला, बाबा, तुमचं नाव इथल्या यादीत नाही. तुम्हाला कोरममध्ये धरता येणार नाही.

“ते म्हाइत हाय मला,” बहिरू म्हणाला, आणि सतरंजीच्या एका कडेला मांडी घालून बसला.