आईच्या तळहाताखालची रिकामी जागा

या सदरातले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. भूतखेत, दृष्टांत, अंगात येणं... असलं काही मी मानत नव्हतो. आजही मानत नाही. त्यात आम्ही राहतो बनारसला, दुर्गाघाटावर. इथे दर चौथ्या घरात कोणाला ना कोणाला काहीतरी दिसलेलं असतं आणि चहाबरोबर ते ऐकूनही घ्यावं लागतं. मी ऐकतो, मान डोलावतो आणि पान खायला बाहेर पडतो.

मी रेल्वेच्या वीजविभागात आहे. तारांचा कुठला जॉइंट तापलाय ते शोधणं हे माझं काम. त्यासाठी बंदुकीसारखं एक यंत्र असतं. लांबून रोखलं की समोरची वस्तू किती गरम आहे तो आकडा दाखवतं. आकडा दिसला तर मानायचं, नाहीतर नाही — असा माझा सरळ हिशोब.

घरात आम्ही तिघं. आई, थोरली बहीण शुभाताई आणि मी. ताई खगोलशास्त्रज्ञ आहे. धुळीत दडलेल्या आकाशगंगा हा तिचा विषय. जिथे भराभर तारे जन्मत असतात तिथे धूळही फार असते, आणि ती त्यांचा उजेड गिळून टाकते. पण गिळलेल्या उजेडाने धूळ स्वतः तापते, आणि ती ऊब इन्फ्रारेड दुर्बिणीला दिसते. अशा आकाशगंगा कधी झाल्या, कशा वाढल्या, कशा निवल्या, हे ताई शोधते. मी तिला चिडवतो की आपलं दोघांचं खातं एकच, फक्त तुझे जॉइंट जरा लांबचे.

आईला काचबिंदूमुळे सात-आठ वर्षांपासून काही दिसत नाही. तरी स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात. तव्यावर चार बोटं अंतर ठेवून तळहात धरते आणि सांगते, "अजून जरा थांब, मग टाक पोळी." देवापुढचं निरांजन विझलंय का, तेही हातानेच कळतं तिला.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकातली. त्या महिन्यात आमच्या बाजूच्या घाटांवर उंच बांबूंना टोपल्या बांधून त्यांत आकाशदीप लावतात. ताईने आईला आपलं काम त्यावरूनच समजावलं होतं. "आई, टोपली इतकी दाट समज, की आतला दिवा दिसतच नाही. पण टोपली गरम झालीय."

"म्हणजे हात धरून बघायचं," आई म्हणाली.

"हो. अगदी तेच करते मी."

तेव्हापासून रोजचा नेम झाला. ताईला कॉम्प्युटरवर बघून भागत नाही. आकाशाचा एकेक तुकडा कागदावर छापून ती तखतावर, म्हणजे बैठकीच्या लाकडी पलंगावर, पसरते आणि भिंग घेऊन बसते. संध्याकाळी दिवा लागला की आई म्हणायची, "आज काय केलंस ते दाखव." मग ताई तिचं बोट धरून कागदावर फिरवायची. ही इथे एक, ही तिथे दुसरी. लेकीने उभं आयुष्य ज्यात घातलं ते आईला डोळ्यांनी कधी बघायला मिळणार नव्हतं, म्हणून हे. मला ते बघून बरं वाटायचं, हेही कबूल करतो.

त्या दिवशी ताईचा सहा वर्षांच्या कामाचा पेपर लिहून पुरा झाला होता. सकाळी छापायला पाठवायचा होता. निष्कर्ष मोठा होता — विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळात असल्या धुळकट आकाशगंगा नव्हत्याच. तिच्या यादीत तेवढी जुनी एकही निघाली नव्हती.

ताई कुकर उतरवायला उठली. आईचा हात शेवटच्या कागदावर एकटाच फिरत होता. खालच्या डाव्या कोपऱ्यात तो थांबला.

"शुभे, ही कोणती गं?"

ताईने येऊन पाहिलं. "तिथे काही नाही आई. रिकामी जागा आहे."

"रिकामी कशी? ऊब लागतेय ना. निरांजन उचलून नेल्यावर पाट गरम लागतो ना, तशी."

मला हसू आलं. म्हटलं, "चहाचा पेला ठेवला असशील तिथे." आणि बॅगेतून यंत्र काढून कागदावर रोखलं. चारही कोपऱ्यांचा आकडा एकच, तखताचाही तोच. "आई, मशीन नाही म्हणतेय."

"तुझ्या मशीनला म्हणावं, आधी एक पोळी भाजून दाखव," आई म्हणाली.

मग मी हट्टालाच पेटलो. सगळे कागद एकत्र पिसले, काही उलटे फिरवले, दुसऱ्या खोलीत टेबलावर एकेक करून आईपुढे ठेवले. तिने वीसेक कागद नुसते चाचपून बाजूला सारले. तो कागद आला. आता कोपरा वरचा उजवा झाला होता. हात तिथेच जाऊन थांबला; मागे ताईने लिहिलेला नंबर पाहिला तेव्हा मलाही कळलं की हा तोच. पुन्हा पिसले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच! तिथे पांढऱ्या कागदाशिवाय काही नव्हतं. मी भिंग लावून पाहिलं. खरं सांगतो, मला भीती नाही वाटली, राग आला.

ताई दाराशी उभी होती. म्हणाली, "तिथे एक ठिपका होता, विनू. छापायच्या आधी मीच पुसलाय."

मग तिने सांगितलं. टॉर्चकडे बघून डोळे मिटले तरी उजेडाचा डाग दिसत राहतो ना, तसं दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचंही होतं. फार तेजस्वी तारा टिपला की पुढच्या चित्रांत त्याचा डाग उमटतो. त्या तुकड्याच्या थोडंच आधी असा एक तारा टिपलेला होता, म्हणून नियमाप्रमाणे तिने तो ठिपका डाग समजून काढून टाकला होता.

"मग झालं तर. सकाळी पेपर पाठव," मी म्हटलं. तो ठिपका खरा निघाला आणि फार जुना निघाला, तर तिच्या सहा वर्षांच्या निष्कर्षावर पाणी पडणार, एवढं मलाही कळत होतं. "आईचं वय झालंय, ताई."

"आईचा हात हा पुरावा नाही," ताई म्हणाली. "पण मी पुसलं ते बरोबरच होतं, हे तरी मी परत कुठे तपासलंय?"

तिने पेपर पाठवला नाही. चार दिवस नोंदी उपसत बसली. चौथ्या दुपारी जेवायला आली ती हसतच. दुर्बिणीच्या सगळ्या वेळा ग्रिनिचच्या घड्याळाने लिहितात. त्या एका चित्राची वेळ मात्र तिने आपल्या डायरीतून उतरवली होती आणि डायरी चालते इथल्या घड्याळाने. साडेपाच तास वजा करायचे राहिले होते. म्हणजे ते चित्र ताऱ्याच्या नंतरचं नव्हतंच, कितीतरी आधीचं होतं. जो तारा अजून टिपलाच नाही त्याचा डाग कुठून येणार?

दुसरा कोणी असता तर वरण-भात कालवून गप्प बसला असता. ही चूक जगात दुसऱ्या कोणाला कधी सापडली नसती. ताईने जेवणाआधीच सोबत काम करणाऱ्यांना फोन करून स्वतःची चूक सांगितली. माझ्या बहिणीबद्दल मला इतका आदर आधी कधीच वाटला नव्हता. तोंडावर मात्र मी एवढंच म्हटलं, "आमच्या खात्यात असतीस तर चार्जशीट मिळाली असती."

तिने परदेशातल्या दुसऱ्या दुर्बिणीकडे अर्ज केला. होळीच्या सुमारास उत्तर आलं. तिथे आकाशगंगा होती. दाट धुळीत बुडालेली, ताईच्या यादीतल्या सगळ्यांपेक्षा जुनी. पेपर पहिल्यापासून लिहावा लागला, निष्कर्ष उलटा झाला. पेपर तपासणाऱ्याने विचारलं, पुसलेला हाच ठिपका पुन्हा का पाहिलात? मी म्हटलं, "लिही की, नेहमीची तपासणी." ताईने ऐकलं नाही. तिने उत्तर लिहिलं की माझ्या अंध आईचा हात त्या जागी थांबला, हे कारण म्हणून आम्ही देऊ शकत नाही, पण झालं ते असं. वेळेची चूक माझी. त्यावर पुन्हा कोणी काही विचारलं नाही.

मी नंतर बरेच तर्क लढवले. कागदावर शाईचा उंचवटा असेल, ताईचा श्वास अडखळला असेल आणि आईने तो ऐकला असेल... पण कोपरा कोरा होता, आणि मी कागद ठेवत होतो तेव्हा मलाही तो ओळखता येत नव्हता. पुढे वेगवेगळे कागद देऊन आईची चार-पाच वेळा परीक्षा घेतली. एकदाही काही नाही.

नवं चित्र आलं, त्यात तो ठिपका होता. ताईने ते छापून आणलं आणि आईचा तळहात उचलून बरोबर त्यावर ठेवला.

"नुसता कागद आहे गं."

"तिथेच आहे ती, आई." ताईचा आवाज जरा उतरला होता. "लागत नाही?"

"नाही." आईने चाचपत कागदाची नीट घडी घातली आणि तो तिच्या हातात दिला. "तुला दिसली ना? मग आता मला कशाला लागायला हवी."

सवयीने माझ्या हातात यंत्र होतं, मी ते आईच्या नकळत त्या कागदावर रोखलं. आकडा आला तो भिंतीचा होता तोच. या वेळी मी तो वाचून दाखवला नाही.