खापराच्या माणसाची परीक्षा

शहापूरच्या आमच्या गल्लीत असा एकही माणूस नसेल, ज्याची जीभ माझ्या घरमालकांनी, अण्णांनी, पाहिलेली नाही. वीजमीटर बघायला येणारा माणूससुद्धा दारात आला की मीटरच्या आधी तोंड उघडून उभा राहतो. येणारा कन्नड बोलणारा असला तर अण्णा "नालगी तोरस्री" म्हणतात, मराठी असला तर "जीभ दाव रं", आणि तिच्या काठावर दात उमटलेत का, वर पांढरी साय चढलीय का, हे बघितल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत. जन्मभर त्यांनी हातमागावर साड्या विणल्या. माग बंद पडल्यावर दुसरा एखादा देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसला असता. हे मिरजेला एका डॉक्टरांच्या हाताखाली राहून चिनी सुयांची विद्या, ॲक्युपंक्चर, शिकून आले. सराव केला तो घरातल्या अंघोळीच्या साबणावर. "न्हाणीत गेलं की साबणाला देवी आल्यागत दिसायचं," असं त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, अजून सांगतात. पुतणीला बघायला आलेल्या मुलाचं मनगट अण्णांनी चहा येण्याआधीच तीन बोटांत धरलं आणि भर बैठकीत जाहीर केलं, "यकृतात राग साठलाय, पण उतरंल." लग्न झालं, जावई मात्र अण्णांसमोर अजून हात खिशात घालूनच बसतो.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सोडली, चाळिशीत गाव सोडलं, आणि जवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात ग्राइंडरवर लागलो. पहिल्याच वर्षी उजवा खांदा धरला. हात वर जाईना, आणि काम जाईल ही धास्ती. दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्याच. अण्णांनी मला खाटेवर बसवलं आणि सुई लावली ती नडगीला!

"अण्णा, दुखतंय खांद्याला," मी घाबरत म्हणालो.

"मागावरचा उभा धागा हिथनं तिथवर एकच असतुया. गाठ वर पडली तरी कवाकवा हात खाली घालाय लागतुया. गप बस."

त्यांच्या हिशेबी माणसाच्या अंगात असे बारा मोठे धागे असतात. त्यांतून 'ची' नावाचं काहीतरी वाहतं, आपण प्राण म्हणतो तसं; ते अडलं की दुखतं. यिन आणि यांग म्हणजे एकाच डोंगराची सावलीतली आणि उन्हातली बाजू. चीनमध्ये आधी दगडाच्या टोकदार चिपा होत्या म्हणे, मग हाडाच्या सुया, मग धातूच्या. आणि हे सगळं ते असं सांगतात, जणू स्वतः त्या चिपा घासत बसले होते. मला ते सगळं कळलं असं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात माझा हात फळीवरच्या डब्यापर्यंत पोचला. गोळ्यांनी की सुईनं, असं मी विचारलं. "हात वर गेला न्हवं? मग वकिली कशाला करतोस?" छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला मात्र अण्णा सुई दाखवत नाहीत, रिक्षा दाखवतात.

जुन्या काळी चीनमध्ये विद्यार्थ्यांची परीक्षा काशाच्या पोकळ माणसावर घेत. अंगभर बारीक भोकं, वरून मेण, आत पाणी. सुई बरोबर जागी गेली तर पाणी येणार, नाहीतर नापास. अण्णांनी खानापूरच्या कुंभाराकडून तसा हातभर उंचीचा खापराचा माणूस करून घेतलाय. कुंभारानं न विचारता त्याला मिशा काढल्या. दर खंडेनवमीला घरात विणकामाच्या धोट्याची पूजा होते, शेजारी सुयांच्या पुड्या, आणि पूजा आटोपली की अण्णांची परीक्षा. सात जागा. सातही लागल्या तरच पुढचं वर्षभर माणसांना सुई लावायची, हा त्यांनी स्वतःच स्वतःला घातलेला नियम.

यंदा त्यांचा हात थरथरायला लागला होता. मेण लावायचं काम माझ्याकडे होतं. भोकं खिळ्यानं जरा रुंद करावीत, असं मनात आलं. खिळा घेतलाही हातात. पण ती सुई दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अंगात जाणार होती. खिळा ठेवून दिला.

सहा जागा लागल्या. सातवी मनगटाच्या आतली, सुरकुतीपासून तीन बोटं वर. सुई मेणावरून घसरली.

"आला की थेंब," मी म्हणालो.

अण्णांनी बोट फिरवलं. "कोरडं हाय रं. खोटं बोलाय बी नीट शिकला न्हाईस."

"अवो, एक डाव आणि बघा की," आक्का म्हणाल्या.

"माणसाला असं म्हणू व्हय? थांब, एक डाव आणि टोचतो म्हणून?"

त्यांनी सुयांच्या पुड्या बांधल्या; मिरजेच्या डॉक्टरांना पोचवायच्या म्हणाले. मग स्वतःचा हात माझ्यापुढे केला.

"कुठं चुकलो, दाव."

मी तीन बोटं मोजली आणि अंगठा ठेवला.

"व्हय, हितंच. दाब आता. त्याला सुई लागत न्हाय."

मी दाबलं. अंगठ्याखाली ती थरथर हळूहळू मंदावत गेली. त्या जागेमुळे, की मी घट्ट धरल्यामुळे, हे त्या दिवशी अण्णांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी डोळे मिटले होते. किती वेळ दाबायचं ते मी विचारलं नाही.