सॅमसनचा खेकडा

सॅमसन रोहेकर हा आमच्या गडब गावातला शेवटचा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. बाकीचे केव्हाच इस्रायलला गेले, त्याची मुलगी तामारसुद्धा. हा मात्र कंपनीतून रिटायर झाल्यावर पडवीत बसून चार पायांचा रोबो बनवायला लागला. वय बहात्तर. गावाने त्याचं नाव खेकडा ठेवलं. रोबोचं, सॅमसनचं नव्हे; निदान तोंडावर तरी नाही.

तामार दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तीच टेप लावायची: पप्पा, एकटे राहू नका, इकडे या. सॅमसन इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ऐटीत बसायचा आणि नाही म्हणायचा. शेवटी पैज लागली. चार आठवड्यांनंतरच्या रविवारी रोबो पडवीच्या उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत चालला, तर बाप एकटा राहायला धडधाकट आहे हे तिने मान्य करायचं. नाही चालला तर विमानाचं तिकीट. यंत्र चालल्याने माणूस धडधाकट कसा ठरतो, हे मला शेजारी असून कळलं नाही. पण बापलेक दोघंही हट्टी.

आणि खेकडा काही चालेना. दोन पावलं टाकायचा, थरथरायचा, पाठीवरचा दिवा विझायचा, मटकन खाली बसायचा. मग दिवा पुन्हा लागायचा आणि महाशय काही घडलंच नाही अशा थाटात पहिलं पाऊल उचलायचे. सॅमसन ताबडतोब बटण बंद करून बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावायचा. "फुल हाय. बॅटरीचा दोष नाय." मग पायांच्या आठही मोटरी बदलून झाल्या, प्रोग्राम तीनदा नव्याने लिहून झाला. तीन आठवडे गेले.

गुरुवारी माझी बायको शांती त्याला भाकऱ्या द्यायला आली आणि थोडा वेळ बघत राहिली.

"भाऊ, बंद करून मीटर कशाला लावता? आमचा पंप बंद असला की लाइन फुलच दाखवते. चालू केला की नुसता गुरगुरतो. चालत असताना बघा की."

सॅमसन उखडला. "बत्तीस वर्षं कंपनीत एकच शिकलो गो. आधी बंद, मग हात!"

या नियमामुळे त्याची दहाही बोटं शाबूत होती, हे खरं. शेवटी मीच मीटरच्या तारा बॅटरीला धरल्या आणि खेकडा चालू केला. त्याने पाय उचलताच मीटरचा आकडा सहावरून घसरून चारच्या खाली आला आणि दिवा गेला. बसलेली होती तोवर बॅटरी ठणठणीत. काम पडलं की गळपटत होती. शांती भाकऱ्या ठेवून निघून गेली.

शुक्रवारी मी रोह्याहून दमदार बॅटरी आणि जाड वायर आणली. सूर्य बुडायच्या आत जोडणी उरकली, कारण नंतर त्याचा शब्बाथ; शनिवारी संध्याकाळपर्यंत तो कशाला हात लावत नाही. आणि शनिवारी अंधार पडल्यावर अंगणात काय दिसणार? त्यामुळे पहिली चाचणी थेट रविवारी, तामारसमोर.

मी फोन धरून विहिरीपाशी उभा राहिलो. खेकडा निघाला तो असा, की सॅमसनला त्याच्यामागे जवळजवळ धावावं लागलं. न थरथरता, न थांबता तो विहिरीच्या कठड्याला टेकला. मी ओरडलो, "जिंकलास रे!"

सॅमसन मागून आला. कठडा धरला. तोंड उघडं, ओठ काळपट, हसायला बघतोय पण शब्द फुटत नाही. रोज ज्याच्या पडवीत बसतो, त्याला मीही कित्येक महिन्यांत चालताना बघितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

फोनमधून तामार रोबोकडे नव्हे, बापाकडे बघत होती.

"मोरूकाका," तामार हळूच म्हणाली, "रोबो राहू दे. पप्पांना परत उंबऱ्यापर्यंत चालत जायला सांगा. फोन त्यांच्यावर धरा."

सॅमसनने उंबऱ्याकडे बघितलं. पंचवीस पावलं असतील. तो कठड्यावर बसला. पायाशी खेकडा अजून कठड्याला धडका देत होता, पण तो बंद करायला सॅमसन वाकला नाही. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास जमला.

"काढ गो तिकीट," तो म्हणाला.