फाळक्यावरची थाप

मंडळी, ट्रक शोचं ठरवायला आज सकाळी आम्ही जुने ड्रायव्हर पेणला जमलो होतो. घरी आल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

रोह्याचा दत्ताराम आपली जुनी लॉरी रंगवून घेऊन आला आणि मैदानात भिंतीकडे रिव्हर्स घ्यायला लागला. आम्ही सगळे पुढे उभे राहून कौतुक करत होतो. मागे जायचं कुणालाच सुचलं नाही. ते काम कायम क्लीनरचं. अडथळा जवळ आला की तो मागच्या फाळक्यावर थाप मारायचा आणि आपण ब्रेक दाबायचो.

थाप आली. दत्तारामने ब्रेक दाबला. भिंत वीतभर लांब होती.

खाली उतरून त्याने विचारलं, "मागं कोण व्हता?"

कुणीच नव्हतं. पण थाप मीही ऐकली.

त्याचा क्लीनर महादू गेल्या पावसाळ्यात वारला. दत्ताराम फाळक्यावर हात ठेवून म्हणाला, "शोच्या दिवशी माझ्या गाडीमागं कोण उभं राहू नका. तिथं तो हाय."

माझीही गाडी शोला येणार आहे. माझा क्लीनर पांडू, हमरापूरचा. बरीच वर्षं गाठ नाही. तो कसा आहे, कुणाला ठाऊक आहे का? गाडी मागे घेण्याआधी मला कळलं पाहिजे.