शॉट क्लॉकची खुर्ची

आमच्या आर्वीत बास्केटबॉलची मॅच असली की टेबलावर शॉट क्लॉक घेऊन बसायचं काम माझं. पगाराची नोकरी शाळेत गणित शिकवायची, हे हौसेचं. ज्या टीमच्या हातात बॉल, तिनं चोवीस सेकंदांत तो रिंगकडे टाकलाच पाहिजे. ते सेकंद मी सोडायचे, मी थांबवायचे, बॉल रिंगला लागला की पुन्हा नव्यानं लावायचे. वेळ संपली की भोंगा कोकलतो आणि सगळं मैदान माझ्याकडे डोळे वटारून बघतं, जसं काही वेळ मीच खाल्ली.

या कामाचं पथ्य एकच, मॅच बघायची नाही. टाळ्या नाहीत, अरेरे नाही, शेजारच्याशी गप्पा तर नाहीतच. मध्येच चहा पुढे करणाऱ्यावरसुद्धा मी खेकसते. नजर बॉलवर, मग रिंगवर, मग बटणावर. नवरा म्हणतो, एवढं तोंड मिटून तू बसणार असशील तर मी घरातही एक क्लॉक बसवतो.

माझी मुलगी आमच्या तालुक्याच्या टीममध्ये खेळते. यंदा बारावीला होती. जिल्ह्याची फायनल आमच्याच मैदानावर, वर्ध्याच्या मुलींशी, आणि त्यानंतर ती शिकायला नागपूरला जाणार. म्हणजे इथली ही तिची शेवटची मॅच. आठवडाभर आधी जेवताना तिनं सहज विचारलं,

“आई, तू माही एक तरी मॅच पायली काय?”

“काऊन? सगळ्याच तर पायल्या. टेबलावर कोण बसते मंग?”

“तू बॉल पायला. मले नाई पायलं.”

तिचा कुठला शॉट रिंगला लागला आणि कुठला नाही, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण ती धावते कशी, हे काही डोळ्यांसमोर येईना. मला राग आला, आणि तो तिचा नव्हता.

“बरं. फायनलले मी पब्लिकमंदी बसीन,” मी म्हणाले.

म्हणायला काय जातं! खुर्चीवर बसवायचं कुणाला? नवरा पहिल्याच बास्केटला उठून नाचला असता. मग शेजारचे काका आठवले. एसटीत कंट्रोलर होते, जन्मभर गाड्या सोडल्या. यांच्याहून वक्तशीर माणूस कुठे मिळणार, असं मला वाटलं.

सरावाच्या मॅचला त्यांना बसवलं. बटणं भराभर शिकले. मी समाधानानं मागे टेकले, तेवढ्यात एका मुलीनं शॉटसाठी हात उचलला आणि क्लॉकच्या पाटीवरचे आकडे जागच्या जागी थिजले.

“काका, काऊन थांबवलं वो?”

“अवं पोरी, टाकूनच राह्यली होती ना ते! जराशी थांबवली, काय बिघडलं?”

पिशवी सावरत धावत येणारा प्रवासी दिसला की गाडी थांबवायला कंडक्टरला हात दाखवायचा, ही सवय काकांच्या अंगात मुरलेली. पुढे एक पोरगी बुटाची लेस बांधायला वाकली, तर तिच्यासाठीही थांबवलं. बरं, पक्षपात म्हणावा तर तोही नाही. दोन्ही टीमवर सारखीच दया.

“काका, या गाडीले ब्रेकच नाई असं समजा. कोणी धावत आलं तरी सोडून द्याची.”

“मोठं कठीण काळजाचं काम आहे बाप्पा हे!”

मग रोज संध्याकाळी आमच्या अंगणात काळीज कठीण करायचा सराव सुरू झाला. मुलगी बॉल आपटत यायची आणि रडवेलं तोंड करून गयावया करायची, “थांबवा ना वो काका, एकच सेकंद!” काका ओठ घट्ट मिटून, तिच्याकडे न बघता बसायचे. पहिले दोन दिवस विरघळले. मग जमलं.

फायनलला मी नवऱ्याशेजारी पायरीवर बसले. बसले म्हणायचं इतकंच. अर्धी मॅच मी काकांकडेच बघत होते. बॉल रिंगला लागला की माझा अंगठा आपोआप मांडीवर दाबला जायचा. नवऱ्यानं कोपरानं ढोसलं, “पोरगी तिकडं आहे.” तरी मान वळेना. मधल्या सुट्टीत काका गर्दीतून वाट काढत थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“तू काऊन माह्याकडं पाहून राह्यली? गाडी मी सोडतो. तू पोरीले पाय.”

मी पाहिलं. वेणी पाठीवर आपटत ती सगळ्यांच्या पुढे धावत होती. तोंडाचा पट्टा अखंड चालू, चुकलेल्या मुलीला रागवायचं आणि लगेच तिच्याच पाठीवर थाप मारायची. हा स्वभाव कुठून आला ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं बोर्डाच्या बाजूनं एक शॉट टाकला, बॉल जाळीतून खाली आला आणि पब्लिक उसळलं. परत फिरताना तिनं क्षणभर टेबलाकडे पाहिलं.

काकांची मान खाली होती. ते बटण दाबत होते.

बास्केट झाली की त्याच क्षणी क्लॉक नव्यानं लावायचं असतं. मीही लावायचे. एवढी वर्षं प्रत्येक बास्केटनंतर ती माझ्याकडे बघत होती आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घालून बसलेली.

आज मी टेबलावर नाही हे तिला आठवलं असावं, कारण तिची नजर टेबलावरून निघाली आणि पायऱ्यांवर माणसं धुंडाळू लागली. मी उठून उभी राहिले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, “पायलं वो बाई, पायलं!” ती इतकी हसली, इतकी हसली, की समोरून आलेला पास तिच्या हातून निसटून थेट मैदानाबाहेर गेला.