विहाराच्या सात पायऱ्या

फेलोशिपची जाहिरात कॉलेजच्या ग्रुपवर आली आणि त्या दुपारपासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पर्यावरण संवर्धन आणि गावाचं नियोजन, तेही गावातल्या माणसांना सोबत घेऊन. उन्हाळ्याचे दोन महिने. तालुक्यांच्या यादीत महाडही होतं आणि पोलादपूरही. मला ही फेलोशिप हवी होती, आणि हवी म्हणजे इतकी हवी की मी आईला जाहिरात तीनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, जेवणाची सोय कोण करणार.

अर्जात मुख्य काम एकच होतं. गावातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली एक गोष्ट शोधायची, त्यांच्याबरोबर बसून तिचा नकाशा काढायचा आणि तिचा पुढे काय उपयोग करता येईल ते लिहायचं. मराठीत लिहिलं तरी चालणार होतं. मी तडक पोलादपूरकडच्या कुडपण गावातल्या झऱ्यांवर दोन पानं लिहून काढली. 'निसर्गाशी असलेलं अतूट नातं' हे शब्द त्यात चार वेळा आले होते आणि चारही वेळा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

माझे वडील महाडला सरकारी कचेरीत कारकून आहेत. उभा जन्म त्यांनी लोकांचे अर्ज वाचले, त्यामुळे अर्ज दिसला की त्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी माझं काम उरकून ठेवलं. वर लिहिलं होतं, 'विषय: उन्हाळी फेलोशिप मिळणेबाबत.' 'तुमच्याबद्दल मोकळेपणाने सांगा' या प्रश्नाखाली होतं, 'अर्जदार ही वरील पत्त्यावरील कायम रहिवासी असून तिची वर्तणूक चांगली आहे.' शेवटी 'आपली विश्वासू' आणि सहीसाठी फुल्या.

माझ्या नाकावर राग असतोच. मी म्हटलं, "पप्पा, हा रेशनकार्डाचा अर्ज नाहीये."

ते चिडले नाहीत. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "कुडपणला तू किती वेळा गेलीस?"

"एकदा."

"कशाला?"

"सहलीला," मी म्हटलं. झरे मी लांबून बघितले होते, वडापाव खात.

"मग जिथं तुला माणसं ओळखतात तिथं जा," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावून कचेरीत गेले.

म्हणून शनिवारी मी तुडीलला आत्याकडे गेले. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तिचं माहेर आणि सासर एकाच वाडीत. आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या सगळ्यात जवळ. नदीला पाणी चढलं की पहिलं आमच्याच दारात येतं. मी अंगणात मोठा कागद पसरला आणि आत्याला म्हटलं, पुराचं काय काय माहीत आहे ते सांग.

"त्यात काय सांगायचा?" ती म्हणाली. "विहाराच्या पायऱ्या बघायच्या. तिसऱ्या पायरीला पानी लागला का ढोरा सोडायची. पाचवीला लागला का भांडीकुंडी तशीच टाकायची नि वरच्या शाळेत जायचा. माझ्या सासूनं मला सांगितला, मी सुनेला सांगितला."

हेच हवं होतं मला, आणि ते लहानपणापासून माझ्या नाकासमोर होतं. ना मोजपट्टी, ना यंत्र. वाडीतली प्रत्येक बाई दारातून मान वळवून पायऱ्या बघते आणि काय करायचं ते ठरवते. आम्ही दोघींनी मिळून घरं मांडली, गोठे मांडले, शाळेची वाट काढली. विहार आत्याने स्वतः काढला. मी उठून समोर जाऊन पायऱ्या मोजल्या आणि त्याला पाच पायऱ्या जोडल्या. परतताना एसटीत मी नकाशाची गुंडाळी मांडीवर उभी धरून बसले होते, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

संध्याकाळी वडिलांनी नकाशा बघितला आणि लाल पेनाने पायऱ्यांभोवती गोल केला. "चूक आहे. सात पायऱ्या आहेत."

"मी आज मोजल्यात. पाच."

"मी तिथं लहानाचा मोठा झालोय. पायरीगणिक एक पाढा म्हणायचो. दोनचा खालच्या पायरीवर, आठचा सगळ्यात वर. सात."

सोमवारी संध्याकाळी पाचला अर्जाची मुदत संपत होती आणि आम्ही बापलेक पायऱ्यांवरून भांडत होतो. शेवटी आईच म्हणाली, जाऊन मोजून या एकदाचे.

रविवारी सकाळी स्कूटरवरून दोघं तुडीलला गेलो. वडिलांनी पायऱ्या मोजल्या. पाच भरल्या. परत वरून खाली मोजल्या. पुन्हा पाचच. आत्या पदर खोचत आली. "सातच हायत, मोजायचा काय त्यात," म्हणत तिने एकेका पायरीवर पाय दिला आणि पाचवीवर पोचली तर समोर विहाराचं दार. ती तिथंच थांबली.

वडील मात्र रस्त्याकडे बघत होते. मागच्या मोठ्या पुरानंतर वाडीत सिमेंटचा रस्ता झाला होता. आधीच्यापेक्षा चांगला उंच, त्यामुळे सगळे खूश होते. रस्ता आणि पायरी यांच्या मधल्या फटीत मुरूम भरलेला होता. आत्याने घरातून पहार आणली. वडिलांनी चार घाव घातले आणि काळ्या दगडाची कड दिसली. आणखी खणल्यावर खाली दुसरी कड. दोन पायऱ्या रस्त्याने गिळल्या होत्या आणि रोज येता-जाता कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. अर्जात लिहायला याहून चांगलं काय मिळणार होतं. मग आत्या हळूच म्हणाली, "म्हंजे आता तिसरीला पानी लागल ना, तवा खरी पाचवी बुडलेली असल." वाडी गुरं सोडत बसली असती, आणि तोवर माणसांनी निघायची वेळ झालेली असती. रस्ता झाल्यापासून तेवढं पाणी चढलं नव्हतं म्हणूनच सगळं ठीक होतं. माझा सगळा आनंद ओसरला, आणि त्याच वेळी मला ही फेलोशिप आणखी दसपट हवीशी झाली.

घरी येऊन मी अतूट नातं खोडलं. जे घडलं तेवढंच लिहिलं. पायऱ्यांना रंग द्यायचा, आणि नवा रस्ता होईल तिथे काय काय झाकलं जातंय ते आधी गावातल्या बायकांना विचारायचं, एवढीच माझी योजना होती. वडिलांनी वाचलं. लाल पेन हातात होतं, पण त्यांनी फक्त एक वेलांटी सुधारली. सोमवारी चार वाजता अर्ज गेला.

निकालाला तीन आठवडे लागणार होते. आत्याला तेवढा दम नव्हता. पुढच्याच्या पुढच्या रविवारी तिने रंगाचे दोन डबे आणवले आणि आम्हाला बोलावलं. खरी तिसरी आता सगळ्यात खाली होती, तिला पिवळा. खरी पाचवी आता मधली, तिला तांबडा. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रंगलेले असताना मोबाईल वाजला. निकालाची मेल ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच आली होती. मी वडिलांना म्हटलं, तुम्ही वाचा.

मेल इंग्रजीत होती. वडिलांनी ती आत्यासाठी मराठीत वाचायला घेतली, कचेरीतल्या आवाजात. "आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज छाननीअंती..." आणि ते अडले. मला वाटलं, गेलं. मी मान वर केली तर त्यांनी चष्मा काढला होता.

"काय झाला?" आत्याने विचारलं.

"घेतली तिला," ते म्हणाले. छाननी, कळविण्यात येते, सगळं विसरले. "ताई, घेतली आपल्या पोरीला." आणि मधल्या पायरीवर टेकायला वाकले.

आत्याने त्यांचा दंड धरला. "तिथं नको बसू रे. पाचवी अजून ओली हाय."